कार्यक्रम कोणाचा? पॅट वीव्हर आणि प्रायोजकांशी झालेला जुना झगडा

मराठी मालिकेत सासू-सुनेचे भांडण ऐन रंगात आलेले असते आणि तेवढ्यात घरातली कोणीतरी मसाल्याचे पाकीट हातात घेते. दोन वाक्ये त्या मसाल्याच्या चवीबद्दल होतात, पाकिटावरचे नाव नीट दिसेल असे धरले जाते आणि भांडण पुढे चालू होते. प्रेक्षक चिडतात. वाहिनीचे लोक सांगतात की खर्च निघायचा तर हे करावेच लागते. हा वाद आजचा वाटतो, पण तो दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे. अमेरिकेत तो १९४९-५० च्या सुमारास पेटला आणि त्याच्या मध्यभागी सिल्व्हेस्टर ‘पॅट’ वीव्हर हा माणूस होता. हे १९४९ मध्ये एनबीसी या नेटवर्कच्या, म्हणजे देशभरच्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीच्या, दूरचित्रवाणी विभागाचे प्रमुख झाले, १९५३ च्या अखेरीस नेटवर्कचे अध्यक्ष झाले आणि १९५६ मध्ये बाहेर पडले. अभिनेत्री सिगर्नी वीव्हर यांचे ते वडील.

त्यांची ओळख सहसा सकाळचा ‘टुडे’ आणि रात्री उशिराचा ‘टुनाइट’ या दोन कार्यक्रमांचे जनक अशी करून दिली जाते. दोन्ही आजही चालू आहेत, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण त्यांचे खरे मोठे काम पडद्यावर दिसणारे नव्हते. कार्यक्रम कोणता करायचा, कोणाला घ्यायचे, कधी दाखवायचा हे ठरवण्याचा अधिकार जाहिरातदाराच्या हातून काढून नेटवर्ककडे आणण्याचा प्रयत्न त्यांनी केला. तो पुरता यशस्वी झाला नाही, आणि जेवढा झाला त्याचे श्रेय त्यांना कितपत द्यायचे यावर आजही मतभेद आहेत.

आधीची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय यातले धाडस कळत नाही. अमेरिकन रेडिओत नेटवर्कचे काम मंगल कार्यालयासारखे होते: जागा त्यांची, बाकी आचारी, वाजंत्री, मानपान सगळे यजमानांचे. साबणाची, सिगारेटची किंवा चीजची कंपनी रात्रीचा अर्धा तास घेई. तिची जाहिरात एजन्सी लेखक नेमे, कलाकार ठरवे, कार्यक्रम उभा करी. कंपनीचे नाव कार्यक्रमाच्या नावातच असे. दूरचित्रवाणी आली तेव्हा हीच पद्धत जशीच्या तशी उचलली गेली. १९४७ मध्ये सुरू झालेले ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ एका जाहिरात एजन्सीनेच बनवलेले होते. १९४८ मध्ये मंगळवारची रात्र ज्याने गाजवली त्या विनोदी कार्यक्रमाच्या नावात पेट्रोल कंपनी होती. एनबीसीच्या रात्रीच्या बातम्यांच्या नावातसुद्धा सिगारेटचा ब्रँड होता.

ही व्यवस्था वीव्हर यांना आतून माहीत होती, कारण उमेदीची वर्षे त्यांनी पलीकडच्या बाजूलाच काढली होती. जन्म लॉस एंजेलिसचा, २१ डिसेंबर १९०८. डार्टमथ कॉलेजातून १९३० मध्ये पदवी, मग कॅलिफोर्नियातल्या रेडिओ केंद्रांवर लिहिणे, बोलणे, कार्यक्रम बसवणे असे पडेल ते काम. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर यंग अँड रुबिकॅम या बड्या जाहिरात एजन्सीत त्यांनी फ्रेड ॲलन यांच्या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाची निर्मिती सांभाळली. १९३८ मध्ये ‘लकी स्ट्राइक’ सिगारेट बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचे ते जाहिरात व्यवस्थापक झाले. युद्धात नौदलात गेले आणि परतल्यावर पुन्हा एजन्सीत रुजू झाले. म्हणजे प्रायोजकाच्या वतीने कार्यक्रम बनवणे आणि प्रायोजक म्हणून कार्यक्रमावर हुकूम चालवणे, ही दोन्ही कामे त्यांनी स्वतः केली होती. पुढे एजन्सीवाल्यांचा जो संताप त्यांच्यावर ओढवला, त्यात ‘हा आपलाच माणूस’ ही भावना मोठी होती.

एनबीसीला असा माणूस हवा होता, कारण १९४८-४९ मध्ये प्रतिस्पर्धी सीबीएसने तिचे मोठे रेडिओ कलाकार, जॅक बेनींसारखे, आपल्याकडे ओढून नेले होते. नवे कलाकार, नवे प्रकार उभे करणे भाग होते. दूरचित्रवाणी संच १९५० मध्येही अमेरिकेतल्या जेमतेम ९ टक्के घरांत होता. नव्या केंद्रांना परवाने देणे सरकारने १९४८ च्या शरद ऋतूपासून थांबवले होते आणि ती बंदी १९५२ पर्यंत टिकली. शहरे मोजकी, केंद्रे शंभराच्या आसपास, खर्च अफाट. अशा वेळी नेटवर्कच्या मालकीचे कार्यक्रम नेटवर्कच्या पैशाने बनवायचे, हा विचार हिशेबनिसांना वेडगळ वाटला असल्यास नवल नाही.

वीव्हर यांच्या योजनेला ‘मॅगझिन’ची कल्पना म्हणतात आणि इथेच बहुतेक लेखनात गोंधळ होतो. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. पहिली विक्रीची. मासिकात पान विकत घेणारा जाहिरातदार आतला लेख कोणी लिहावा हे सांगत नाही. संपादक मासिक बनवतो आणि जाहिरातदार फक्त जागा घेतो. तसेच दूरचित्रवाणीत नेटवर्कने कार्यक्रम बनवावा आणि मधले मिनिट-दोन मिनिटांचे तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांना विकावेत. दुसरी गोष्ट मांडणीची. एकाच कार्यक्रमात बातमी, हवामान, मुलाखत, पुस्तक, पाककृती, गाणे अशी सदरे असावीत.

या दोन गोष्टी नेहमी एकत्र आल्या नाहीत, हे विसरले जाते. फेब्रुवारी १९५० मध्ये सुरू झालेला ‘युअर शो ऑफ शोज’ पाहा. दर शनिवारी दीड तास, थेट प्रक्षेपण, सिड सीझर आणि इमोजीन कोका यांची प्रहसने. त्यात सदरे वगैरे काही नव्हते, पण विक्री मासिकाच्या पद्धतीची होती. वेळ अनेक जाहिरातदारांमध्ये वाटलेला होता. उलट १९५४ पासून आलेले त्यांचे ‘स्पेक्टॅक्युलर’, म्हणजे नेहमीच्या कार्यक्रमांना बाजूला सारून दाखवलेले दीड-दीड तासाचे रंगीत भव्य प्रयोग, बऱ्याचदा मोटार कंपन्यांनाच मोठ्या घासात विकले गेले. ७ मार्च १९५५ ला मेरी मार्टिन यांचा ‘पीटर पॅन’ सुमारे साडेसहा कोटी लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. त्या मालिकेच्या मागे फोर्ड कंपनी आणि एनबीसीची मालक असलेली आरसीए होती. आरसीएला रंगीत संच खपवायचे होते. रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीला सरकारी मान्यता डिसेंबर १९५३ मध्ये मिळाली होती आणि पहिला आरसीए संच तब्बल हजार डॉलरला विकायला आला होता. रंगात पाहण्याजोगे काहीतरी घरात यायला हवे होते. म्हणून वीव्हर यांनी प्रायोजकांची सद्दी सरसकट संपवली असे म्हणणे चूक ठरेल. जिथे कार्यक्रम रोजचा आणि लांबलचक होता तिथे ती मोडली. जिथे एका रात्रीचा झगमगाट होता तिथे जुनीच पद्धत नव्या दिमाखात चालू राहिली.

विरोध कसा होता? एजन्सींचा मुख्य आक्षेप सरळ होता: निर्मितीतून मिळणारे कमिशन आणि सत्ता दोन्ही जाणार. पण त्यांचा एक मुद्दा विचार करण्याजोगा होता. एकाच कंपनीने आठवड्यानुआठवडे आवडता कार्यक्रम दिला की प्रेक्षकाच्या मनात त्या कंपनीबद्दल एक कृतज्ञता तयार होते, पाच-सहा जणांच्या गर्दीत ती राहत नाही, असे ते म्हणत. रेडिओच्या अनुभवात यात तथ्य होते. दुसरा विरोध छोट्या स्पर्धकांकडून आला. शनिवारच्या रात्रीचा अडीच तासांचा सलग पट्टा एनबीसी आपल्या संलग्न केंद्रांकडून मागते आहे, म्हणजे एकच केंद्र असलेल्या शहरांत आम्हाला जागाच उरणार नाही, अशी तक्रार एका लहान नेटवर्कने सरकारी आयोगाकडे केली. ती तक्रार रास्त होती असे मला वाटते. प्रायोजकाची मक्तेदारी मोडताना नेटवर्कची मक्तेदारी घट्ट होत होती.

आणि तरीही, तराजूत घालून पाहिले तर पारडे वीव्हर यांच्याकडेच झुकते. १९५० च्या ऑगस्टमध्ये काय घडले ते आठवावे. एनबीसीवरच्या एका लोकप्रिय कौटुंबिक मालिकेत एका अभिनेत्रीची निवड झाली होती. कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून कलाकारांची नावे छापणारी एक पुस्तिका जूनमध्ये निघाली होती आणि तीत तिचे नाव होते. मोजके दूरध्वनी आले आणि प्रायोजक खाद्यकंपनीने तिला काढून टाकले. चौकशी नाही, पुरावा नाही. कार्यक्रम कंपनीचा होता, नेटवर्क गप्प राहिले. वीव्हर तेव्हा तिथेच होते, हेही नोंदवायला हवे. आणखी सहा वर्षांनी, ते बाहेर पडल्यावर, नॅट किंग कोल यांच्या साप्ताहिक कार्यक्रमाला संपूर्ण देशाचा एकही प्रायोजक मिळाला नाही. कृष्णवर्णीय गायकाच्या नावाशी आपला माल जोडायला कोणी तयार नव्हते. एनबीसीने तो वर्षभर रेटला आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद झाला. कार्यक्रमाची मालकी हा प्रश्न नुसता पैशाचा नसतो, तो कोणाला पडद्यावर यायचा हक्क आहे याचा असतो. ही दोन उदाहरणे ध्यानात घेतली की ‘मासिका’ची कल्पना निव्वळ विक्रीची क्लृप्ती वाटत नाही.

लहान कंपन्यांसाठीही तिचा अर्थ मोठा होता. रात्रीचा अख्खा तास विकत घेण्याची ऐपत मूठभर उद्योगांची. मिनिटाचा तुकडा मात्र एखाद्या मध्यम कंपनीलाही परवडे. प्रेक्षकसंख्या वाढली, निर्मितीचा खर्च त्याहून झपाट्याने वाढला. संच असलेली घरे १९५० मध्ये ९ टक्के होती, ती १९५५ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर गेली. त्यामुळे वीव्हर नसते तरी खर्चाच्या रेट्याने एका प्रायोजकाची पद्धत कोसळलीच असती, असे काही अभ्यासक मानतात. असेलही. पण रेटा येण्याआधी पर्याय तयार ठेवणारा कोणीतरी लागतो.

‘टुडे’ १४ जानेवारी १९५२ ला सुरू झाला. सकाळी सात वाजता दूरचित्रवाणी कोण पाहणार, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. वीव्हर यांचे उत्तर असे की पाहायलाच कशाला हवे, दाढी करताना, डबा भरताना कानावर पडले तरी पुरे, आणि महत्त्वाचे वाटले तर मान वळवावी. रस्त्यालगतच्या काचेच्या दालनातून प्रक्षेपण होई आणि बाहेर उभी असलेली माणसे पडद्यावर दिसत. समीक्षकांनी झोडपले, जाहिरातदार फिरकेनात. १९५३ मध्ये जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी कार्यक्रमाचे निवेदक डेव्ह गॅरोवे यांच्या शेजारी येऊन बसला आणि मुले, त्यांच्यामागून आईवडील, त्यांच्यामागून जाहिरातदार आले. कार्यक्रम नफ्यात गेला.

या चिंपांझीने अटलांटिकपलीकडे मात्र अनपेक्षित परिणाम घडवला. २ जून १९५३ ला ब्रिटिश राणीचा राज्याभिषेक झाला, त्याच्या अमेरिकन प्रक्षेपणादरम्यान ‘टुडे’मध्ये मग्जही झळकला. ब्रिटिश वृत्तपत्रांत संताप उसळला. नेमकी त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये बीबीसीच्या जोडीला खाजगी वाहिनी आणायची का, यावर चर्चा चालू होती. विरोधकांना यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळणार! शेवटी १९५४ चा दूरचित्रवाणी कायदा झाला त्यात जाहिराती आल्या, पण प्रायोजकाने कार्यक्रम देण्याला मनाई झाली. जाहिरात वेगळी, ठराविक जागी, कार्यक्रमावर तिचा हक्क नाही. २२ सप्टेंबर १९५५ ला आयटीव्ही ही खाजगी वाहिनी याच नियमाने सुरू झाली. म्हणजे अमेरिकेत वीव्हर जे मिनतवाऱ्या करून मिळवू पाहत होते, ते ब्रिटनने कायद्यानेच करून टाकले, आणि तेही त्यांच्याच कार्यक्रमाचा धसका घेऊन.

बाकीच्या कामांचा धावता उल्लेख पुरे. गृहिणींसाठी ‘होम’ १९५४ च्या मार्चमध्ये आला आणि १९५७ मध्ये संपला. स्टीव्ह ॲलन यांच्यासह ‘टुनाइट’ २७ सप्टेंबर १९५४ ला देशभर गेला. रात्री उशिराच्या अशाच एका कार्यक्रमाचा प्रयोग १९५० मध्ये करून झाला होता. रेडिओ मरणपंथाला लागला असे सगळे म्हणत असताना १९५५ च्या जूनमध्ये आठवड्याच्या सुट्टीभर चालणारा ‘मॉनिटर’ त्यांनी रेडिओवर आणला. ‘ऑपरेशन फ्रंटल लोब्ज’ या नावाने त्यांनी प्रत्येक मनोरंजनाच्या कार्यक्रमात ज्ञानाचा एखादा घास पेरायचा आदेश काढला होता. बर्ट्रंड रसेल यांच्यासारख्या विचारवंताची १९५२ मधली मुलाखत त्याच वातावरणातली. लांबलचक टिपणे लिहिण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांना छळणारी होती, पण त्या टिपणांत लोकांची अभिरुची वाढू शकते यावर असलेला विश्वास अस्सल आहे.

डिसेंबर १९५५ मध्ये त्यांना वरच्या, पण अधिकार कमी असलेल्या पदावर बसवले गेले. अध्यक्षपद आरसीएच्या प्रमुखांच्या तरुण मुलाकडे गेले. सप्टेंबर १९५६ मध्ये वीव्हर यांनी राजीनामा दिला. भव्य प्रयोग महाग पडत होते आणि सीबीएस दर आठवड्याच्या ठराविक वेळच्या मालिकांवर पुढे गेली होती, हे कारण सांगितले जाते. ते पुरेसे नाही. प्रमुखांच्या मुलासाठी जागा मोकळी होणे हेही तितकेच खरे कारण होते.

त्यानंतरच्या तीन वर्षांत जे झाले त्याने त्यांचा मुद्दा उलट्या मार्गाने सिद्ध केला. सौंदर्यप्रसाधने आणि टॉनिक विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या प्रश्नमंजूषा तुफान लोकप्रिय झाल्या. कोण जिंकणार, कोण हरणार हे प्रेक्षकसंख्या पाहून आधीच ठरवले जात होते. १९५८ मध्ये हे फुटले. २ नोव्हेंबर १९५९ ला अशाच एका प्रश्नमंजूषेचे गाजलेले विजेते चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी संसदीय समितीसमोर कबुली दिली की त्यांना उत्तरे आधीच पुरवली गेली होती. विजेतेपदाच्या प्रसिद्धीवर त्यांना एनबीसीने ‘टुडे’मध्येच नोकरी दिली होती, हे विशेष क्लेशकारक. या बदनामीनंतर नेटवर्कनी कार्यक्रमांचा ताबा स्वतःकडे घेतला आणि प्रायोजकांना मिनिटे विकायला सुरुवात केली. वीव्हर यांची योजना अखेर अंमलात आली ती लाजेपोटी. ताबा घेतल्यावर नेटवर्कनी त्या काळात काउबॉय मालिका रांगेने लावल्या, ज्ञानाचे घास नव्हे, हेही लपवण्यासारखे नाही.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झाले तेव्हा निर्माते पगारी सरकारी कर्मचारी होते आणि जाहिराती नव्हत्याच. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या सुट्या, म्हणजे तत्त्वतः वीव्हर यांच्या पद्धतीच्या. मग १९८० च्या दशकात प्रायोजित कार्यक्रम आले. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली ती एका नूडल्सच्या कंपनीच्या पाठबळावर. बाहेरच्या निर्मात्याने मालिका बनवायची, प्रायोजकाने दूरदर्शनला शुल्क भरायचे आणि त्याबदल्यात ‘फ्री कमर्शियल टाइम’ म्हणजे जाहिरातीची ठराविक मिनिटे घ्यायची. अमेरिकेने जी पद्धत बदनाम होऊन टाकली तिच्याच चुलत घराण्यातली ही व्यवस्था. दूरदर्शनच्या समित्यांनी कथेला मान्यता देणे चालू ठेवले, त्यामुळे प्रायोजकाला अमेरिकेइतकी मोकळीक मिळाली नाही. पण प्रायोजक न मिळालेली चांगली संकल्पना फायलीतच राहू लागली.

खाजगी वाहिन्या आल्यावर, झी १९९२ मध्ये आणि अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला, चक्र पुन्हा फिरले. आता वाहिनी मालिका करवून घेते, निर्मितीसंस्थेला भागागणिक पैसे देते, हक्क बहुतांशी स्वतःकडे ठेवते आणि जाहिरातीची वेळ सेकंदांच्या हिशेबाने विकते. ‘मासिक’ पूर्ण जिंकले म्हणावे तर जाहिरात कथेच्या आत शिरली. वाहिनीच्या मालकीच्या कार्यक्रमात वाहिनीच जाहिरातदाराला स्वयंपाकघरात घेऊन येते. वीव्हर यांनी संपादक आणि जाहिरातदार यांच्यात जी भिंत कल्पिली होती, ती संपादकानेच पाडली.

स्वतः वीव्हर या प्रश्नाच्या पुढच्या टप्प्यावर फार लवकर पोहोचले होते. एनबीसी सोडल्यावर काही वर्षे ते पुन्हा एका मोठ्या जाहिरात संस्थेत होते. १९६३ च्या सुमारास त्यांनी कॅलिफोर्नियात ‘सबस्क्रिप्शन टेलिव्हिजन’ या कंपनीची सूत्रे घेतली. जाहिरातदार नकोच, प्रेक्षकाने थेट पैसे द्यावेत आणि केबलवरून घरी खेळ, नाटक, सिनेमा पाहावा, अशी योजना. १७ जुलै १९६४ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिले प्रक्षेपण झाले ते डॉजर्स संघाच्या बेसबॉल सामन्याचे. थिएटरमालकांनी ‘फुकट दूरचित्रवाणी वाचवा’ अशी मोहीम उघडली आणि सशुल्क दूरचित्रवाणीवर बंदी घालणारा प्रस्ताव नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीत मतदारांसमोर ठेवला. तो दोन-तृतीयांशाच्या आसपास मतांनी मंजूर झाला. एखाद्या राज्यातल्या मतदारांनी शेजाऱ्याला स्वतःच्या पैशाने कार्यक्रम पाहण्याची बंदी करावी, ही मला या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत अन्यायाची घटना वाटते.

कंपनी दिवाळखोरीत गेली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवून रद्द केला. खटल्यावर नाव वीव्हर यांचेच होते. निकाल बाजूने लागला तेव्हा वाचवायला कंपनी उरली नव्हती. नोव्हेंबर १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या शहरात एचबीओ सुरू झाले, केबलवर, वर्गणीवर आणि जाहिरातींविना. वीव्हर १५ मार्च २००२ ला सांता बार्बरा येथे ९३ व्या वर्षी वारले.